पांढऱ्या उंदरांचं साटंलोटं

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. माझे उंदीर नाल्यातले नव्हते. धान्याच्या पोत्याला भोक पाडणारे तर मुळीच नव्हते. औषधांच्या कंपनीत जन्मलेले, स्वच्छ, माणसाळलेले उंदीर होते ते. तळहातावर घेतलं की पुढचे पाय जोडून, मिशा हलवत असे बघायचे, जणू विचारतायत, काय बाई, आज काय आणलंत खायला? मी त्यांच्यापायी वेडी झाले होते. अजूनही माझ्यासमोर कुणी "शी, उंदीर!" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

गोष्ट सत्तर साल उलटून गेल्यानंतरची. पिंपरीत तेव्हा जिकडं बघावं तिकडं कंपनीचं कंपाउंड उभं राहत होतं. माझा थोरला भाऊ, दादा, औषधांच्या कंपनीत चिकटला आणि त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. वडील गेलेले होते. चाकणजवळच्या गावातलं शेत वाट्यानं लावून आई आणि मी दादाचं जेवणखाण बघायला पिंपरीत आलो. आईला वाटत होतं, आपलं पोरगं औषधं बनवतं. दादानं तिला तसंच वाटू दिलं. तो ॲनिमल हाउसमध्ये होता. औषध माणसाला द्यायच्या आधी ज्या उंदरांवर, सशांवर करून बघतात, ती जनावरं सांभाळायचं त्याचं काम. खरं कळलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "म्याट्रिक केलं ते उंदराची घाण काढाया व्हय रं?"

आणि त्याच आठवड्यात तो उंदीर घेऊन घरी आला! फर्स्ट शिफ्ट करून आला तो कापडी पिशवी पोटाशी धरून. पिशवीत पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात दोन जोड्या. वजनात बसत नाहीत म्हणून बाद झालेली जनावरं. बाद म्हणजे मारायची. दादाच्यानं ते होईना, म्हणून साहेबाला विचारून घरी आणली. दोन्ही माद्या पांढऱ्या, डोळे लाल गुंजेसारखे. दोन्ही नर पांढरे, पण डोकं आणि मान काळी, टोपडं घातल्यासारखी. आई ओरडली, "आत्ताच्या आत्ता भाईर टाक!" मी खोका उचलला आणि सरळ मागच्या अंगणात नेऊन ठेवला. दादाला सांगितलं, आजपासून हे माझे.

गोडेतेलाचे पत्र्याचे डबे आडवे केले, तोंडाला बारीक जाळी बसवली, आत वखारीतून आणलेला भुसा. पाण्याची उलटी बाटली टांगून तिला काचेची वाकडी नळी. भाकरीचा कुटका, भिजवलेले हरभरे, कधी शेंगदाणा. आणि मग एके सकाळी बघते तर भुशाच्या घरट्यात काहीतरी वळवळतंय! जन्मलेलं पिल्लू पाहिलंय कधी? शेंगेतल्या दाण्याएवढं, गुलाबी, आणि कातडी इतकी पातळ की आत पोटात दूध पांढरं दिसतं. मी किंचाळले असणार, कारण शेजारची बाई लाटणं हातात घेऊनच धावत आली.

पिल्लं मोठी झाली, तशी मी एकाच घरातले नर-मादी एका डब्यात ठेवले. मला काय ठाऊक? उंदीर तो उंदीर. आईनं ते पाहिलं मात्र, अशी कडाडली!

"सख्खं भाव-भण येका घरात? लाज हाय का न्हाई तुला?"

"आई, उंदीर आहेत ते."

"आसंना का. माज्या दारात आसलं चालायचं न्हाई."

आता माझी आई कोण हे सांगायला हवं. आमच्या भागात सोयरिकी जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाकणच्या कांद्याच्या बाजाराला गेली की लोक पिशव्या खाली ठेवून तिच्याभोवती जमायचे. अमक्याचं देवक काय, तमक्याला चालेल का, सगळं तोंडपाठ. देवक म्हणजे कुळाची खूण, बहुतेकांचं एखादं झाड. लग्नात त्याची डहाळी मांडवाला लागते. देवक बापाकडून येतं आणि एका देवकात सोयरीक होत नाही, ही आईची लक्ष्मणरेषा. चुलत चालत नाही, मावस चालत नाही. मामाची मुलगी मात्र चालते, कारण तिचं देवक वेगळं.

झालं! ज्या उंदरांकडं बघताना तिला ओकारी येत होती, त्यांच्या सोयरिकीत तिनं पदर खोचून लक्ष घातलं. एका जोडीच्या घराला आंब्याचं पान बांधलं, दुसऱ्या जोडीच्या घराला जांभळाचं. पान सुकलं की नवं. आंब्याच्या घरची पोरगी जांभळाच्या घरी द्यायची, जांभळाच्या घरची आंब्याच्या घरी आणायची. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. आमच्याकडं याला साटंलोटं म्हणतात, दोन घरांनी एकमेकांच्या मुली करायच्या. आई डब्यासमोर उकिडवी बसून सांगायची, "आंब्याची ही थोरली, जांभळाच्या त्या गोंडस पोराला दे. धाकटी आजून लहान हाय, तिची घाई करू नगं." हसून हसून माझी मुरकुंडी वळायची. पण एवढं खरं, की तिच्या शिस्तीमुळं कोण कुणाचं याचा घोळ कधी झाला नाही.

आणि तिला साटंलोटं सुचणार नाही तर काय! आमच्या घराचं तेच होतं. आई आमच्या वडिलांना दिली आणि वडिलांची बहीण, माझी आत्या, आईच्या भावाला. एकाच मांडवात. त्यांच्या आधीच्या पिढीतही हेच, त्याच्याही आधी हेच. म्हणजे माझी आत्या हीच माझी मामी. आई आणि आत्या एकमेकींच्या नणंदाही आणि भावजयाही. कुणी कुणाला वन्सं म्हणायचं, हा घोळ शेवटपर्यंत सुटला नाही, म्हणून दोघी एकमेकींना वन्संच म्हणायच्या. दोघींचा जीव की प्राण. दोघींचं दुःखही सारखंच होतं. माझ्या पाठची आईची तीन लेकरं बारशाआधीच गेली, आत्याची दोन. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं देवीचा कोप. नवस झाले, दोरे झाले. आईनं मात्र मनाशी एकच धरलं होतं, माझं दूध वंगाळ. दादा आणि मी कसे वाचलो, तर म्हणे शेजारणीनं पाजलं म्हणून.

आता आत्याचा एकुलता मुलगा आणि मी, हे पाळण्यातच ठरलेलं होतं. मुलगा वाईट नव्हता. उंचापुरा, कांद्याची शेती नेटकी करायचा, मला बघून लाजायचासुद्धा. मला लग्नाची अडचण नव्हती, अडचण होती आत्याची. ती एकदा क्वार्टरवर आली, मागं जाऊन बघितलं, आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "तुळशीचं लगीन लागलं की मी सुपारी फोडाया येती. पर ही ब्याद माज्या दाराशी न्हाई आली पायजे."

"मग मीपण नाही येत!" मी फटकन बोलले.

आईनं डोळे वटारले. आत्या हसली. लहानपणापासून ती माझ्या रागाला हसायची, त्यानं मी आणखी चिडायचे. म्हणजे बघा, तुळशीच्या लग्नापर्यंतच माझे उंदीर माझे होते. पुढं मी आत्याच्या घरी आणि ते परत कंपनीत. कंपनीत परत म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी आईच्या मागं लागले, भांडले, दोनदा जेवले नाही. आई म्हणायची, "उंदरापायी कुणी सोयरीक मोडतं का गं? लोक श्यान घालतील तोंडात."

त्यातच ती जन्मली! जांभळाच्या घरात, चौथ्या की पाचव्या पिढीला. केस फुटायला लागले तसा मला संशय आला. पांढरं नाही, काळं टोपडंही नाही, हा कुठला रंग? उन्हात धरून बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. दूध जास्त घातलेल्या चहाचा रंग! डोळे डाळिंबी. दादा शिफ्टवरून आला तेव्हा मी दारातच उभी. चपला काढू दिल्या नाहीत त्याला. त्यानं तिला हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "आयला! असला रंग कंपनीतपण नाही बघितला, राव." मी नाचले, शप्पथ! शिवणक्लासमध्ये सगळ्यांना सांगितलं. मला तसलेच हवे होते, डबेच्या डबे भरून, सगळं अंगण चहाच्या रंगाचं.

तिचं नावच मी चहाची ठेवलं. चहाची मोठी झाली. आईनं नियमानं आंब्याच्या घरातला नर तिला बघून दिला, मामाचाच मुलगा. ती गाभण राहिली तशी मला झोप लागेना. सकाळी उठून दात न घासता आधी डब्याकडं.

पिल्लं झाली, पण किती थोडी! एक मेलेलंच. दोघांच्या पोटात दुधाचा पांढरा ठिपका दिसेचना. आठवड्यात एकही राहिलं नाही. मी रडले, भुसा बदलला, चहाचीला दुधात भिजवलेली पोळी दिली. आणि मग एकेक ध्यानात यायला लागलं. गेल्या वेळी आंब्याच्या घरातही पिल्लं कमीच झाली होती. एका नराचे पुढचे दात वाकडे वाढत होते, त्याला हरभरा फोडता येईना. एकजण सारखा शिंकायचा. पहिल्या दोन जोड्या आणल्या तेव्हा कशी टणटणीत पोरं झाली होती! पान बरोबर, देवक बरोबर, खाणंपिणं बरोबर, मग नडतंय कुठं?

आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून उंदरांची दृष्ट काढली. हो, उंदरांची! शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. मग आई चहाचीच्या डब्यापुढं बसली आणि हळूच म्हणाली, "तिचं दूध वंगाळ आसंल." माझ्याकडं न बघता म्हणाली. माझ्या काळजात चर्र झालं.

दादा म्हणाला, "आमच्याकडं मधूनमधून बाहेरचा नर आणतात. सारखं घरातल्या घरात केलं की जात खचते."

"घरातल्या घरात कुटं?" आई उसळली. "देवक येगळं हाय की! आंबा येगळा, जांभूळ येगळं. मी काय आडाणी हाय का?"

आईपुढं सोयरिकीवर बोलायची कुणाची टाप नव्हती.

पण तिच्या डोक्यात ते घुमत राहिलं असणार. एका सकाळी दादाला शिफ्टची घाई होती म्हणून ती त्याचं दूध निववत होती, या पेल्यातून त्या पेल्यात, त्या पेल्यातून या पेल्यात. मी शेजारी कणीक मळत होते. एकदम तिचा हात थांबला.

"ह्यातलं कुटलं दूध कुटल्या पेल्याचं?" तिनं विचारलं.

"आता कसं सांगणार? कधीच एक झालं ते," मी म्हटलं.

ती तशीच बसली, दोन्ही हातात दोन पेले. दादा ओरडतोय, आई, उशीर होतोय. ती उठली, पेले तसेच ठेवून मागच्या अंगणात गेली. मी पाठोपाठ, कणकेचे हात घेऊन. ती एकदा आंब्याच्या पानाकडं बघतेय, एकदा जांभळाच्या.

"हिकडली तिकडं दिली, तिकडली हिकडं आणली," ती म्हणाली. "पानं दोन ऱ्हायली गं. रगत येकच झालं."

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला! आम्ही बापाचं पान तेवढं बघत होतो. आई कुणाची, आईची आई कुणाची, ते धरलंच नव्हतं. मी आनंदानं ओरडले, "आई, तू सोडवलंस की गं!" कणकेच्या हातांनी तिला मिठी मारली. ती मात्र हसली नाही. दादा त्या दिवशी गार दूध पिऊन पळाला.

मग सुरू झाली नवऱ्या मुलाची शोधाशोध! शिवणक्लासमधली माझी मैत्रीण काळेवाडीत राहायची. तिचे वडील पुण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिपाई होते आणि तिथले उंदीर तिच्या घरी होते. आमच्या उंदरांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. दसऱ्याच्या आधी आम्ही मायलेकी पवना ओलांडून काळेवाडीत स्थळ बघायला गेलो. हो, स्थळच! आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

मैत्रिणीनं नर आणून आईच्या पुढ्यात ठेवला. बापरे, काय तो गडी! काळाभोर, चकचकीत, शेपूट दोरखंडासारखं. आईनं त्याचे दात बघितले, डोळे बघितले, जमिनीवर सोडून चाल बघितली.

"काळा हाय," आई म्हणाली.

"मावशी, तुम्हाला रंग बघायचाय की तब्येत?" मैत्रीण म्हणाली.

"देवक काय ह्येचं?" सवयच ती, तोंडातून गेलं.

मैत्रीण खो खो हसत सुटली. "आम्ही देवक-बिवक कधीच सोडलं, मावशी. आम्ही बौद्ध. आणि उंदरांत तर ते आधीपासूनच नव्हतं."

मी घाबरून आईकडं बघितलं, आता ही काय बोलते. आई क्षणभर कानकोंडी झाली आणि मग स्वतःच हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मैत्रिणीच्या आईनं चहा आणला. आमच्या गावात आईनं त्यांच्या वस्तीवर कधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, मला ते ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक असणार. आईनं कपबशी उचलली, चहा बशीत ओतला, फुंकर मारून प्याली आणि म्हणाली, "आलं झ्याक लागलंय." मग पुन्हा नराकडं वळून, "पोरगं पसंत हाय आमास्नी."

"हुंडा काय देता?" मैत्रिणीनं विचारलं.

"तेलाचा डबा आन् पोतंभर भुसा. घरजावई करून घेतो!"

परत येताना पिशवी माझ्या हातात होती आणि आई सारखी म्हणत होती, सांभाळून, आपटू नगं, जावई हाय.

जावयाला चहाचीच्याच डब्यात सोडलं. मला वेगळी मादी निवडायची होती, कारण चहाची आधीच एकदा हरली होती, मला तिची भीती वाटत होती. आई ऐकेना. "हिलाच," म्हणाली. "मला हिचंच बगायचंय." का, ते सांगेना. डब्याला पान बांधायला मी आंब्याकडं निघाले, तर म्हणाली, "काय नगं बांदू."

ऐन दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या सकाळी, अंगाला उटणं तसंच, मी मागं जाऊन बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. घरटं भरून वाहत होतं! एकावर एक, एकावर एक, नुसती वळवळ. अकरा! सगळ्यांच्या पोटात दुधाचा पांढरा ठिपका. दादा ओल्या अंगानं धावत आला. आई सगळ्यांत शेवटी आली. तिनं वाकून बघितलं आणि आत निघून गेली.

त्यानंतर रोज सकाळी माझ्या आधी तीच डब्यापाशी. मोजायची. मी उठले की सांगायची, "हायत." दुसऱ्या दिवशी, "हायत सगळी." आठवडा गेला, तरी सगळी. तिचा विश्वास बसत नव्हता, सारखी वाट बघायची की आता एखादं जाईल. चहाची आपली ऐसपैस पसरलेली आणि पोरं लुचतायत.

केस फुटले, तसा मला मात्र रडू फुटलं. एकही चहाच्या रंगाचं नाही! सगळी काळी, कुणाच्या पोटावर थोडं पांढरं. मी दादावर खेकसले, तुझ्या बाहेरच्या नरानं माझा रंग घालवला. दादा म्हणाला, "अगं वेडे, गेला नाही, आत दडून बसलाय. नातवंडांत येतो बघ परत. कंपनीत बघितलंय मी." पण नातवंडांपर्यंत ते माझ्याकडं राहणार कुठं होते? पिल्लांचे डोळे उघडले आणि तुळशीचं लग्न लागलं.

आत्या आली. एकटीच आली, मामा म्हणे बायका ठरवतील ते मला मान्य. हातात मोठी पिशवी. तिनं पाटावर एकेक वस्तू मांडली. नारळ, सुपारी, साखर, कुंकवाची पुडी, खोबऱ्याच्या वाट्या. मी दाराआड उभी. मनात एकच, आज सुपारी फुटली की उद्या दादा खोके घेऊन कंपनीत जाणार.

"बस की गं वन्सं," आत्या म्हणाली. "हुबी का?"

"आधी मागं चल. येक दावायचंय तुला."

"उंदरं? मला नगं बाई!"

आईनं तिचा हात धरला आणि ओढतच मागं नेलं. मी गेले पाठोपाठ. आईनं चहाचीचा डबा उजेडाकडं वळवला.

"ही आदी बाळंत झाली, तवा येक बी जगलं न्हाई. मी म्हनलं, दूध वंगाळ हिचं."

तो शब्द आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता.

"आता बग. आई तीच. दूध तेच. नर तेवढा भाईरचा आणला, लांबचा. मोज, वन्सं. मोज की!"

आत्या मोजायला लागली, आणि आईनं माझ्याकडं बघितलं नाही, डब्याकडंही बघितलं नाही, आत्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"ह्येंच्यात बी मी साटंलोटं केलं. पानं येगळी बांदली. समदं नियमानं. आन् पोरं जाया लागली, वन्सं. आपल्यावानीच." आईचा आवाज फुटला. "तुजी दोन. माजी तीन. माजं दूध वंगाळ न्हवतं गं! न्हवतं वंगाळ! मी इतकी वरसं सोताला शिव्या दिल्या."

इतके महिने मी उंदरांकडं बघत होते आणि आई काय बघत होती, ते मला आत्ता कळलं.

आत्या भडकली. भडकणारच. "उंदरावरनं माजं लेकरू मोजती व्हय तू? भावाची खूण हाय ही पोर, मी तिला दुसऱ्याच्या घरात जाऊ देऊ?"

"जाऊ दे," आई म्हणाली. "तुज्या लेकाला बी लांबची बगून देती, मी सोता बगून देती. पर ह्या दोघांचं नगं. आपलं झालं तेवडं बास."

आत्या डब्यापुढंच बसली, भिंतीला टेकून. ती बसलीय तोवर पुढचं सांगून टाकते, कारण मला दम निघत नाही. आत्याच्या मुलाला आईनं पार घाटाखालची मुलगी बघून दिली आणि त्याच्या वरातीत मी नाचले. माझंही झालं पुढच्या वर्षी, आणि मुलाकडच्यांना आईनं सांगितलं की पोरीसंगं डबे येतील. बाजारात लोक सोयरीक विचारायला आले की आई देवकाच्या आधी आजोळ विचारायला लागली, आईचं आणि आईच्या आईचं. लोक हसायचे, म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलंय. आणि चहाचा रंग? आला की परत! काळ्या पोरांच्या पोरांत, एक सोडून तीन, आणि तिन्ही टणटणीत. दादाच्या गळ्यात पडून ओरडले मी.

पण त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. आत्या उठली, आत गेली. मला वाटलं, पिशवी भरतेय, आता ही कायमची गेली. आईलाही तेच वाटलं असणार, तिनं डोळे मिटून घेतले होते.

आत्या परत आली ती पाटावरची खोबऱ्याची वाटी हातात घेऊन. सुपारी फोडायला आणलेली. तिनं ती दगडावर ठेचली, एक तुकडा उचलला आणि पदर तोंडाला न लावता डब्यापुढं बसली. चहाची जाळीपाशी आली, वास घेतला. आत्यानं हात मागं घेतला नाही. चहाचीनं तुकडा दोन्ही पायांत धरला आणि तिथंच बसून कुरतडायला लागली. मागनं पोरं तिच्या पोटाखाली घुसली.

"खा माजे बाय, खा," आत्या म्हणाली. "बाळंतीण हायेस."